भुलीच्या सुईआधी न विचारलेला प्रश्न

बर्माच्या आघाडीवरून माझं पोस्टिंग बेळगावला झालं, ते लढाई संपली त्या वर्षीच्या थंडीत. मी हवालदार होतो. काम ऑपरेशन थिएटरमधलं. हत्यारं उकळून ठेवायची, पेशंटला टेबलावर घ्यायचं, सर्जन मागेल ते हातात द्यायचं. गाव बोरगाव, निपाणीजवळचं. भरतीनंतर बंदूक चालवायला शिकलो होतो, पण माणसावर एकदाही रोखली नाही. तरी मरणारी माणसं मी रायफलवाल्यांपेक्षा जास्त पाहिली.

इस्पितळ शहराबाहेर माळावर होतं. पत्र्याच्या बराकी, लढाईपुरत्या उभ्या केलेल्या. पुढं त्या मोडल्या. त्या इस्पितळाचा नंबर मी सांगणार नाही. मला कुणावर खटला भरायचा नाही. पण राग अजून गेलेला नाही, आणि तो जावा असं मला वाटतही नाही.

पहाटे पाचला उठायचं. साडेपाचला स्टोव्ह पेटवून हत्यारं उकळत ठेवायची. सातला डॉक्टरांचा राउंड. आठला पहिली केस. दिवसाला सहा-सात ऑपरेशनं व्हायची. आघाडीवर फाटलेली माणसं तिथं कशीबशी शिवलेली असायची. ती आमच्याकडे नीट करायला येत.

आघाडीवर आम्ही भूल तोंडावर जाळी धरून द्यायचो. ईथर, नाहीतर क्लोरोफॉर्म. माणूस हातपाय झाडायचा, त्याला चौघांनी धरायचं. इथं नवीन औषध होतं, थायोपेंटोन. पिवळसर पावडर. पाण्यात विरघळवून दंडाच्या शिरेत सुई द्यायची. माणूस आकडे मोजायला लागे आणि दहाच्या आत झोपे. झाडाझाड नाही, आरडाओरड नाही. पाहणाऱ्याला वाटे, किती सोपं आहे.

तो सोपेपणाच घातक होता. ही भूल डोळे मिटवते तशी श्वासही मंद करते. घशाची राखण थांबते. पोटातलं वर आलं तर जागा माणूस खोकतो, थुंकतो. झोपवलेला माणूस ते छातीत ओढतो. हे डॉक्टरांना ठाऊक होतं. मलाही होतं. ज्याच्या शिरेत ते जायचं, त्यालाच कुणी सांगत नव्हतं.

शिपाई कल्लाप्पा वडगावचा. विणकराच्या घरातला, वय चोवीस. मांडीत बॉम्बचा तुकडा राहिला होता. जखम भरली होती, पण चालताना तुकडा टोचायचा. तो काढायचं काम वीस मिनिटांचं. तोवर तो वॉर्डात बसून आम्हाला धुतलेली बँडेजं गुंडाळून द्यायचा. त्याच्या गुंडाळीची कड सुतासारखी सरळ असायची. आमच्या एकाही माणसाला तशी जमत नव्हती.

आई लहानपणीच गेलेली. थोरल्या बहिणीनं वाढवला. ती आक्का वडगावहून दोन तास चालत यायची.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी दुपारी कल्लाप्पानं मला विचारलं, "अण्णा, त्या जाळीनं गुदमरतंय म्हणत्यात. मला तीच लावणार व्हय?"

"न्हाय रं. तुला नुसती सुई."

"सुईच न्हवं? मग काय न्हाय."

तो निवांत झाला. मलाही बरं वाटलं. सुई म्हणजे किरकोळ, असं मीच त्याच्या डोक्यात घातलं.

संध्याकाळी वॉर्ड मास्तरनं खाटेच्या पायथ्याशी उभं राहून हिंदुस्तानीत हुकूम दिला, "कल सुबह खाना बंद." कल्लाप्पा म्हणाला, "जी." हुकूम एवढाच होता. पाणी, चहा, दूध यांचं नाव कुणी काढलं नाही.

सकाळी सव्वासातला मी उकळलेल्या हत्यारांचा डबा घेऊन व्हरांड्यातून चाललो होतो. आक्का खाटेपाशी बसली होती. शेजारी पितळी तांब्या.

मी न थांबताच म्हणालो, "आक्का, आज त्याला भाकरी न्हाय द्यायची."

"न्हाय दिली बाबा. भाकरी आणलीच न्हाय."

मी पुढं गेलो. तांब्या पाहिला होता. त्यात काय आहे ते विचारलं नाही. पहिली केस आठला होती आणि टॉवेल अजून ओले होते.

कल्लाप्पाला नऊ वाजून दहा मिनिटांनी टेबलावर घेतलं. भूल देणारे कॅप्टन इंग्रज होते. वाईट माणूस नव्हते. पण त्यांना हिंदुस्तानीची चार वाक्यं येत होती आणि त्या दिवशी यादीत सात केसेस होत्या. सुई हातात घेऊन त्यांनी विचारलं,

"खाना नहीं खाया ना?"

"जी साब."

"दमा नहीं है ना?"

"जी साब."

पलटणीत पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात. साहेबानं काही विचारलं की ताठ व्हायचं आणि जी साब म्हणायचं. कल्लाप्पा आडवा पडूनही ताठ झाला होता. त्या उत्तराचा अर्थ हो की नाही, हे त्या खोलीत कुणालाच ठरवता आलं नसतं. कॅप्टनांनी आपल्याला हवा तो घेतला.

तेव्हा मला तांब्या आठवला.

मी म्हणालो, "सर, एक मिनिट."

"होल्ड द आर्म, हवालदार."

मी हात धरला.

औषध जायला लागलं. कल्लाप्पा मोजत होता. एक, दोन, तीन. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "लसणाची चव येतीया, अण्णा." तशी चव येते. पुष्कळजण सांगतात. तो पाचपर्यंत पोचला आणि झोपला.

मिनिटभरात त्याचं पोट उचकलं. तोंडातून पांढरट पातळ वर आलं. आंबील होती ती, नाचण्याची. कॅप्टन ओरडले, "हेड डाउन! सक्शन!" मी टेबल डोक्याकडे खाली केलं. पायाच्या पंपानं ओढायला लागलो. घसा आवळला गेला होता. ओठ निळे झाले, मग कान. आम्ही पालथा केला, परत उताणा केला, छाती दाबली. दोघं दमले की दुसरे दोघं. दहा वाजून पाच मिनिटांनी कॅप्टनांनी हात काढले. मांडीला सुरी लागलेलीच नव्हती.

दोन दिवसांनी कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. तीन अफसर, एक टेबल. एका मेजरसाहेबांनी कागद वाचून दाखवला. पेशंटने उपाशी राहण्याचा हुकूम मोडला आणि विचारल्यावर खोटं सांगितलं. साक्षीदार म्हणून खाली माझी सही हवी होती.

"सही करणार नाही, सर."

"का?"

"तो खोटं बोलला नाही. खाल्लं का विचारलं, त्यानं खाल्लं नव्हतं. प्यालास का, हे कुणी विचारलं नाही."

"तुला ठाऊक होतं?"

"तांब्या पाहिला होता, सर."

शेवटी कागदावर अपघात असं लिहिलं गेलं. माझी एक फीत उतरवली, हवालदाराचा नाईक झालो. त्याचं दुःख नाही, ती उतरायलाच हवी होती. राग दुसऱ्या गोष्टीचा आहे. इन्क्वायरीच्या दुसऱ्या सकाळी पहिला पेशंट टेबलावर आला. कॅप्टनांनी सुई भरली, थांबले, आणि मला म्हणाले, "आस्क हिम. इन युवर लँग्वेज."

तीन दिवस आधी हे पाच शब्द त्यांच्या तोंडून निघाले असते तर! तीन दिवस आधी मी तो हात सोडून दिला असता तर! फार तर ओरडले असते, कोठडीत टाकलं असतं. त्या कोठडीतून मी कधीच बाहेर आलो असतो.

महिन्याभरानं रजा मिळाली. बोरगावला जाण्याआधी वडगावला गेलो. मागाची खटखट सगळ्या गल्लीत चालू होती, आक्काच्याच घरात बंद होती. आक्कानं मला ओळखलं. पाणी दिलं. मग समोर बसून विचारलं,

"माझ्या आंबलीनं गेला व्हय रं त्यो?"

तिला कुणीतरी सांगितलं होतं. कोण ते मी विचारलं नाही, विचारलं असतं तर त्याच्या अंगावर गेलो असतो.

"न्हाय, आक्का. आम्ही विचारलं न्हाय म्हणून गेला."

"मी सांगितलं असतं की. इचारलं असतं तर मी लपवलं असतं व्हय?"

"न्हाय, आक्का."

"तू इचारलंस तवा भाकरीचं इचारलंस."

"व्हय."

मी उठलो तेव्हा तिनं जा म्हटलं नाही, थांबही म्हटलं नाही.

आता मी गावात असतो. कुणाचं ऑपरेशन ठरलं की लोक मला विचारायला येतात, कारण मी मिलिटरीच्या दवाखान्यात होतो. मी त्यांना आधी खाली बसवतो आणि मग ओरडतो. सुईच आहे, असं मनात आणू नका. ती सुई तुमचा श्वास हातात घेते. पोट रिकामं म्हणजे रिकामं. भाकरी नाही, चहा नाही, दूध नाही, आंबील नाही. पाणीसुद्धा डॉक्टरनं सांगितलेल्या वेळेनंतर नाही. चुकून प्यालात तर टेबलावर चढण्याआधी सांगा. ऑपरेशन उद्यावर जाईल, तुम्ही जाणार नाही. दमा असेल, खोकला असेल तर सांगा. दात हलत असेल, कवळी असेल तर दाखवा. आमच्या निपाणीकडचे गालात तंबाखू धरून थिएटरपर्यंत जातात, ती थुंकून चूळ भरा. वैद्याचा काढा चालू असेल, दारूची सवय असेल, तर लाज सोडून बोला. आधी कधी भुलीनं त्रास झाला असेल, घरात कुणाला झाला असेल, तेही सांगा. जाग आली म्हणजे औषध उतरलं असं नाही. त्या दिवशी एकट्यानं चालू नका, सायकलवर बसू नका, गाडी हाकू नका. घरचं माणूस बरोबर ठेवा.

आणि डॉक्टरनं काहीही विचारलं तर नुसतं हो साहेब म्हणू नका. अख्खं वाक्य बोला. त्याला तुमची भाषा येत नसेल, तर येणारा माणूस आणा म्हणा. तो चिडला तर चिडू दे.

ऐकणाऱ्यांतला एखादा हसतो. मिलिटरीवाला आहे, आवाज चढतोच, म्हणतो. त्याला मी कल्लाप्पाचं सांगतो.

त्याच्या पलटणीनं लढाईत पडलेल्यांची नावं दगडावर कोरली. मी जाऊन सगळी वाचली, दोनदा. त्याचं नाही. मी पत्र लिहिलं. उत्तर आलं की ही यादी शत्रूच्या हातून पडलेल्यांची आहे. उत्तर बरोबर आहे. कल्लाप्पाला शत्रूनं मारलं नाही. शत्रूच्या हातून तो मांडीत लोखंड घेऊन जिवंत परत आला होता.

शिपाई कल्लाप्पा, राहणार वडगाव. मी त्याला पडलेल्यांत धरतो.