गुलाबी माती

छापखान्यात पाऊल टाकल्यावर भिंगकाका आधी चहा घेत नसत की मशीनला हात लावत नसत. उत्तरेच्या खिडकीशी जाऊन एक कोरा कागद दोन्ही हातांत धरत आणि मिनिटभर नुसते त्याच्याकडे बघत उभे राहत. कुणी नवखा विचारी, "काका, काय वाचताय एवढं?" तर म्हणत, "वाचत नाही. डोळे धुतोय."

वाटेतल्या पाट्या, गाड्या, लोकांचे कपडे, सगळे रंग डोळ्यांत घुसलेले असत. ते त्या पांढऱ्यावर उतरवून ठेवायचे आणि मग कामाला लागायचं. असं एकतीस वर्षं चाललं होतं.

गळ्यात काळ्या दोरीला भिंग, म्हणून ते भिंगकाका. चाररंगी मशीनवर रंग जुळवणं हे त्यांचं काम. निळा, किरमिजी, पिवळा, काळा, यातला कोणता चढला आणि कोणता पडला हे त्यांना तीन हातांवरून कळे. पुड्यावरचं बिस्किट करपलेलं दिसायला नको आणि औषधाच्या खोक्यावरचा निळा कालच्या निळ्यासारखाच यायला हवा, यासाठी ते डोळ्यांत तेल घालून उभे असत.

त्याच डोळ्यांत मोतीबिंदू धरल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. "हळूहळू सगळं मातकट दिसायला लागेल," म्हणाले. हे फक्त काकूंना माहीत होतं. मालकांच्या कानावर गेलं असतं तर मशीन सुटलं असतं आणि पॅकिंगच्या टेबलावर बसून खोकी दुमडत राहावं लागलं असतं.

आणि नेमकं तेव्हाच ते चित्र आलं.

चित्रांची पुस्तकं काढणाऱ्या एका प्रकाशकबाईंनी ते छापायला दिलं होतं. शंभरेक वर्षांपूर्वी एक परका चित्रकार समुद्रापलीकडच्या पॉलिनेशियाच्या बेटांवर जाऊन राहिला होता, त्याचं हे चित्र. जमिनीवर बसलेल्या दोन सावळ्या, भरल्या अंगाच्या बायका. एकीच्या कानामागे पांढरं फूल, दुसरीची नजर खाली. मागे निळं खोड. आणि बायका बसल्या होत्या ती जमीन चक्क गुलाबी.

पहिला ताव हातात घेतला आणि काकांच्या कपाळाला आठ्या पडल्या. माती कधी गुलाबी असते? त्यांनी मनाशी हिशेब मांडला. माझ्या डोळ्यांना सगळं मातकट दिसायला हवं. तरी ही माती मला एवढी गुलाबी दिसते, म्हणजे चांगल्या डोळ्यांना किती दिसत असेल! किरमिजी भलताच चढलाय. बाईंचा मंजूर नमुना शेजारीच टांगला होता, पण तोही तसाच. तोही बिघडलाय, असं त्यांनी ठरवून टाकलं.

त्यांनी किरमिजी उतरवला. आणखी उतरवला. माती मातीसारखी झाली तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. चारशे ताव निघाले.

दुपारी बाई आल्या. ताव उचलला, नमुन्याशेजारी धरला.

"काका, जमीन कुठे गेली?"

"आहे की. जाग्यावर आणली."

"अहो, ती गुलाबीच हवी होती!"

मालक धावत आले. एकदा तावाकडे, एकदा काकांकडे बघून म्हणाले, "काका, तुम्हाला दिसत नाही की काय?"

यंत्र बंद होतं, त्यामुळे प्रश्न सगळ्या छापखान्याला ऐकू गेला. काकांच्या तोंडचं पाणी पळालं. दिसत नाही म्हटलं तर मशीन जाणार. दिसतं म्हटलं तर चारशे ताव मुद्दाम नासवले असं होणार.

"दिसतं," ते म्हणाले. "दिसलं म्हणूनच बदललं. माती अशी नसते."

बाईंना हसू आवरेना. "मालक, यांचे डोळे ठणठणीत आहेत. चित्रकाराचंच काही खरं नव्हतं." मग त्यांनी एक कोरा कागद घेतला आणि नमुन्यातली सगळी गुलाबी जमीन झाकली. "आता चेहरे बघा."

चेहरे विझल्यासारखे झाले. बाईंनी कागद काढला. त्याच सावळ्या गालांत ऊब आली, हनुवटीखालची हिरवट सावलीसुद्धा तिथलीच वाटू लागली. काकांनी स्वतः कागद धरून पाहिला, काढला, पुन्हा धरला. डोळे धुण्याचा कागद, पण आज डोळे अधिकच गढूळ होत होते.

"रंग कळला," ते शेवटी म्हणाले. "माती नाही कळली. आणि या दोघी काय बघताहेत?"

"तुम्हाला काय वाटतं?"

"कंटाळल्यात. कुणीतरी हलू नका म्हटलंय."

बाईंनी नमुना पुन्हा जवळ घेऊन त्या दोघींकडे पाहिलं. मालक म्हणाले, "काका, पुन्हा छापा. आणि आता मातीला हात लावू नका." मशीन राहिलं.

काकांनी एक चुकलेला आणि एक बरोबर ताव घरी आणला, भिंतीवर शेजारी शेजारी लावला.

"यातला खरा कुठला?" त्यांनी विचारलं.

काकू म्हणाल्या, "मला मातकट बरा वाटतो. गुलाबी जमिनीवर बसल्यावर लुगडी कोण धुणार?"

वर्षभराने डोळ्यांचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली तसे काका घरी येऊन थेट भिंतीपुढे उभे राहिले. गुलाबी होती ती जमीन आता जांभळट दिसत होती! म्हणजे इतके दिवस जिला बरोबर म्हणत होतो, ती तिसरीच होती. मालकांना आपण काय सांगितलं होतं? दिसतं म्हणून? ते त्या दिवशी जेवले नाहीत, की जेवले आणि विसरले, हे काकूंनाही नीट आठवत नाही.

पुढे काम सुटलं तरी खिडकीशी कागद धरणं सुटलं नाही. रोज कागद झाला की भिंतीकडे बघत, कधी मान हलवत, कधी काकूंनाच विचारत, "आज कशी दिसते गं?" काकू म्हणत, "कालच्यासारखीच. तुम्हीच बदलता."

आयुष्याच्या शेवटच्या दिवशी, सकाळी अकराच्या सुमारास, त्यांनी उशीवरूनच भिंतीकडे पाहिलं.

"अगं, पडदा सरकव जरा. ट्यूबच्या उजेडात त्या दोघी उगाच आजारी दिसतात."