कूलरचं तोंड

होळी झाली की जळगावच्या आमच्या कॉलनीत तो कूलर दुरुस्त करणारा सायकलला खसच्या जाळ्या बांधून यायचा. कूलर खिडकीबाहेरच्या स्टँडवर असायचे, त्यामुळे त्याचं सगळं काम घरामागे, भर उन्हात. जुनी खस काढायची, टाकी घासायची, पंप चालू करायचा. मग तो खिडकीच्या गजावर टिचकी मारी. आतून कुणीतरी ओरडे, "हां, आला वारा!" आत ये, असं कुणी म्हणत नसे.

धंदा जोरात चालला. सायकलची मोपेड झाली, आणखी कॉलन्या मिळाल्या आणि एका उन्हाळ्यात त्यानं आमच्याच गल्लीत घर बांधलं. वास्तुशांतीच्या अक्षता द्यायला तो पहिल्यांदाच प्रत्येकाच्या पुढच्या दारात उभा राहिला.

मी गेलो तेव्हा मांडवात घराकडे पाठ आणि बाहेर तोंड करून दोन मोठे कूलर सुरू होते आणि खुर्च्या रिकाम्या. "आज कूलरनं तोंड बाहेर करेल शे, भाऊ," तो त्याच्या धुळ्याकडच्या बोलीत म्हणाला आणि पुसलेलीच खुर्ची पुन्हा पुसून मला दिली. ऊन फार आहे म्हणून कॉलनी घरात बसली होती, त्यानंच गार केलेल्या खोल्यांत.

उशिरा समोरचे साहेब आले. पानावर बसले नाहीत. कूलरपुढे हात धरून म्हणाले, "आमच्याकडे असा वारा नाही रे येत. उद्या बघून जा."

"येतो, साहेब."

साहेबांचं दार त्याच्या दारासमोरच होतं. दुसऱ्या दिवशी तो वळसा घालून मागच्या बाजूनं गेला.