बायकोची फाइल आणि हिरवं बटण

माझी बायको गेली त्याला दोन पावसाळे झाले. तिच्या साड्या मुलीने नेल्या. भांडी मी वापरतो. राहिला तिचा कॉम्प्युटर. त्याचं काय करायचं ते कळेना, म्हणून त्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

कॉम्प्युटर तिचाच. विहारातल्या वाचनालयात बायकांसाठी वर्ग निघाला तेव्हा पहिल्याच दिवशी जाऊन बसली. सातवी शिकलेली बाई, वय साठीला टेकलेलं. मी चौथीत शाळा सोडली आणि जन्मभर अंबडला प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबला. मला ती थेरं वाटली. म्हणायचो, "म्हातारपणी टायपिस्ट होणार का गं?" ती म्हणायची, "तुम्ही नका काळजी करू. तुमच्या जागेवर नाही लागत मी."

मुलीने स्वतःचा जुना कॉम्प्युटर आणून दिला. मग रोज दुपारी जेवणं आवरली की ही त्याच्यापुढे, टकटक सुरू. मी दारातल्या खाटेवर. काय लिहितेस विचारलं की "घरातलंच आहे" एवढंच बोलायची. मीही कधी उठून बघितलं नाही. पाच पावलं होती.

यंदा टॉवेल काढला, तर तो चालूच होईना. दुकानात नेला. दुकानवाल्याने आतलं सगळं पुसून नवीन टाकून दिलं. म्हणाला, "काका, बाकी गेलं, पण ही एक फाइल वाचवली." फाइलीचं नाव घर. घरी आणून उघडली. मराठीचं एक अक्षर नाही. इंग्रजी अक्षरं, कंस, टिंबं, आकडे, कशाला काही मेळ नाही. अठरा पानं तसलीच. माणूस गेलं ते गेलं, आता तिचं लिहिलेलंही नासलं, असं वाटून मी तिथंच बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी वाचनालयात जाऊन वर्ग घेणाऱ्या बाईंना गाठलं. त्यांना सांगितलं तर त्या हसल्या.

"नासलं नाही हो काका. तिनं ज्या फॉन्टमध्ये लिहिलं तो दुकानवाल्यानं पुसताना गेला. फॉन्ट म्हणजे अक्षरांचा साचा."

"म्हणजे डाय?"

"डाय म्हणा."

मग डोक्यात शिरलं. प्रेसमधली डाय काढून घेतली तर पत्रा पत्राच राहतो. डाय बसवायची, बस.

बाई म्हणाल्या, "फाइल इकडे आणा, मी उघडून देते."

"नाही. तिचं पहिलं मी वाचणार."

त्यांनी चिठ्ठीवर त्या फॉन्टचं नाव लिहून दिलं. इंटरनेटवर शोधा, उतरवून घ्या, मग बसवा. निघताना म्हणाल्या, "आधी वाचा, मग दाबा."

मी कशाला वाचतोय! आमच्या शॉपमध्ये कायदा एकच. हिरवं बटण चालू, लाल बटण बंद. त्याच्यावर माझी सगळी नोकरी निघाली आणि दहाही बोटं शाबूत घेऊन घरी आलो. चिठ्ठीतलं नाव बघून बघून टाइप केलं, एक पान उघडलं, आणि मधोमध हे एवढं हिरवं बटण. त्यावर डाउनलोड लिहिलेलं. दाबलं. काहीतरी विचारलं, हो म्हटलं. परत विचारलं, परत हो. मग जे सुरू झालं! खिडकीवर खिडकी, लग्न जमवायच्या जाहिराती, आणि 'तुमचा कॉम्प्युटर धोक्यात आहे' म्हणून बोंब. कोपऱ्यात लाल फुली दिसली. लाल म्हणजे बंद, म्हणून ती दाबली, तर आणखी दोन उघडल्या. मग कारखान्यात करायचो तेच केलं. सरळ मेन ओढला.

पडदा काळा झाला, आणि तेव्हा आठवलं की फाइल त्याच्या पोटातच आहे.

पळत जाऊन बाईंना सांगितलं, तशा त्या घरी आल्या. आधी झाडलं मला. "हिरवं बटण जाहिरातीचं होतं काका! खरं त्याच्या खाली, बारीक निळ्या अक्षरांत. आणि चालू मशिनचा कोणी मेन ओढतं का?"

"आम्ही ओढायचो."

"इथं कोणाचा हात अडकला होता?"

त्यांनी एक एक करून सगळी घाण काढली. मी दाराकडे तोंड करून उभा होतो. तासाभराने म्हणाल्या, "आहे तुमची फाइल." तेव्हा वळलो. त्यांनी विचारलं, "आता मी बसवू का फॉन्ट?"

"नको. मीच बसवतो."

खुर्चीवर बसलो आणि बायकोची आठवण झाली. ती येवल्याची. तिचे वडील दुसऱ्याच्या मागावर पैठणी विणायचे. धागा चुकला तर विणलेलं उसवावं लागतं, हे तिनं लहानपणापासून पाहिलेलं. म्हणून पडद्यावर काही आलं की ओळीखाली बोट धरून, ओठ हलवत सगळं वाचायची, मगच दाबायची. मी खाटेवरून ओरडायचो, "मुहूर्त बघतेस का गं?" हात वर करून म्हणायची, "थांबा हो."

मीही बोट लावलं. काचेवर, जिथं तिनं लावलं असेल तिथं. हिरवं सोडलं. बारीक निळी ओळ सापडली, मोठ्यानं वाचली, बाईंकडे बघितलं, दाबली. खाली उतरलं ते गाठोडं निघालं. आधी गाठोडं सोडायचं, तेव्हा आत फॉन्टची फाइल. तिच्यावर उंदराचं उजवं बटण, मग इन्स्टॉल. डोळ्याचं पातं लवायच्या आत बसला.

"एवढंच?"

"एवढंच," म्हणून बाई उठल्या आणि विचारल्याशिवाय चहा करायला आत गेल्या. शहाणी बाई.

मी घर उघडलं. मराठी!

पहिलीच ओळ, "चहा झाला का?" दुसरी, "माझा चष्मा कुठं ठेवलास?" तिसरी, "भाजीत मीठ आहे की संपलं गावातलं?" पान उलटलं. "कोण आलंय बघ." "पंखा बंद कर." "टायपिस्ट होणार का गं?" अठराही पानं माझीच. टाइप शिकायला वाक्यं लागतात, पुस्तक तर हाताशी नव्हतं. खाटेवरून मी जे ओरडायचो तेच ती टाइप करत बसायची. मला वाटायचं बाई ऐकतच नाही. एक अक्षर सोडलं नव्हतं.

मी तिचं बोलणं शोधत होतो. सापडलं, शेवटच्या पानावर. वर माझं होतं, "किती वेळ बसशील त्या बटणांपुढं? ऊठ आता." त्याच्याखाली तिचं एकच. "हे वाक्य झालं की उठते."

पुढं कोरं.

मी पुन्हा पहिल्या पानावर गेलो. ओळीखाली बोट धरून वाचायला लागलो. बाईंनी आतून हाक मारली, "काका, चहा निवतोय. या."

म्हटलं, "एवढं पान झालं की उठतो."