माझा कांचन, लोकांचा आपटा

अंगणातल्या कांचनाला सहा वर्षं झाली तरी एकदाही फूल आलं नव्हतं. रोप मी मोताळ्याच्या बाजारातून आणलं होतं. विकणारा म्हणाला होता, चौथ्या वर्षी गुलाबी फुलं येतील. झाडात खोट नव्हती. त्याचं पान आपट्यासारखं, मधोमध चिरलेलं. आमच्या गल्लीत खरा आपटा कोणाला माहीत नाही, म्हणून दसऱ्याला सोनं न्यायला सगळे माझ्याच दारात.

त्या दिवशी आमचा धम्मचक्र दिन, मी पांढरं लुगडं नेसून विहारात असते. वंदना, भाषणं, जेवण. घरी येईपर्यंत झाड बोडकं. नुसती पानं नेत नाहीत, फांद्याच ओरबाडतात. मग फुलं यायची कुठे?

मागच्या वर्षी शेजारणीला सांगून पाहिलं.

"हा आपटा नाही बाई. कांचन आहे."

"पान तं तेच दिसते, मावशी."

"चार पाय गाईलेही अन् गाढवालेही. गाढवाचं दूध काढशीन काय?"

ती हसली. "गावानं सोनं म्हटलं तं सोनं. तुमच्यात तं कोणी सोनं वाटतही नाही. तुम्हाले काऊन एवढं?"

"मले फूल पाहाचं आहे. माह्या जिंदगीचे किती दिवस राह्यले?"



विहारात न जाता राखण करावी, असं एकदा मनात आलं. पण झाडापायी तो दिवस सोडणं पटलं नाही. या खेपेला दसऱ्याच्या आदल्या दिवशी विळा घेतला आणि हाताला येतील त्या खालच्या फांद्या मीच तोडल्या. दोनदा खाली बसावं लागलं. फाटकाशी ढीग घातला. वर कोणी चढू नये म्हणून खोडाला बाभळीचे काटे बांधले.

दुसऱ्या दिवशी परतले तर ढीग संपलेला, शेंडा शाबूत. शेजारीण दोन पानं घेऊन आली.

"घ्या मावशी, सोनं."

माझ्याच झाडाची पानं. घेतली. नको म्हणायलाही जोर लागतो.

होळीच्या आधी शेंड्याला सात-आठ फुलं आली. खाट बाहेर ओढली आणि आडवं पडून पाहिली, उभ्यानं मान दुखते. रोप विकणाऱ्यानं सांगितला तसाच गुलाबी रंग होता. कुंपणापलीकडून शेजारीणही पाहत होती.

"मावशी, पूजेले दोन देता काय?"

"शिडी आण," मी म्हणाले. "अन् फांदी मोडू नको."