रुपाबाईच्या हातचं मीठ

आसेगावात लग्न असो, तेरवी असो की भंडारा, वरण, रोडगे अन् वांग्याची भाजी रुपाबाईच्याच हातची. नैवेद्याआधी चव घ्यायची नाही, त्यामुळे मीठ पडायचं ते तिच्या मुठीच्या अंदाजाने. मूठही चांगली गच्च भरलेली! तिच्या अंदाजावर शंका घ्यायची कोणाची बिशाद नव्हती.

तिचा नवरा गोपीचंद याला ब्लडप्रेशर निघालं. डॉक्टरांनी मीठ अगदी कमी करायला सांगितलं, म्हणून पंगतीतही ती त्याला घरचा अळणी डबा द्यायची. एका भंडाऱ्यात तो डबा मारोतरावाच्या नजरेस पडला. मारोतराव म्हणजे गावातला बडा शेतकरी, जिभेला हाड नसलेला.

"काय बे गोप्या, मर्द गडी असून अळनी खाऊन राह्यला?" म्हणत त्याने ओंजळभर मीठ गोपीचंदच्या भाजीवर ओतलं. अख्खी पंगत खदखदून हसली. लाजेपोटी गोपीचंदने डबा सोडला तो सोडलाच, आणि वर्षाच्या आत लकव्याने गेला.

रुपाबाईने मारोतरावाला माफ केलं नाही. का करावं? हसला त्याच तोंडाने याला अळणी खायला लावीन, तेही भर पंगतीत, हा एकच ध्यास तिने घेतला.

आरोग्य केंद्रातली नर्स शीला बायकांना सांगायची, मीठ हळूहळू कमी करा, जिभेला पत्ता लागत नाही. साऱ्या गावाने केलं तर लकवा कमी होईल. बाकीच्या बायका माना डोलावून घरी गेल्या. रुपाबाईला मात्र हत्यार सापडलं. दर कार्याला तिची मिठाची मूठ थोडी रिकामी होत गेली. लसूण वाढला, लिंबू वाढलं. पानातल्या मिठाच्या जागी जवसाची चटणी आली. गाव बोटं चाटत राहिलं.

यंदा मारोतरावाच्याच नातीचा साखरपुडा होता. तिसऱ्यांदा भाजी मागून तो म्हणाला, "वा रुपाबाई, असी भाजी साऱ्या जिल्ह्यात नाही!"

या शब्दांसाठीच ती थांबली होती. ती पंगतीत येऊन त्याच्यासमोर उभी राहिली.

"माह्या मालकाच्या डब्यात एवढंच मीठ होतं, मारोतराव. ओतू का वरून ओंजळभर?"

मारोतरावाचा घास हातातच राहिला.

"खा," रुपाबाई म्हणाली. "तुमाले मरू नाही देत मी. लय वर्सं जगा, अन् दर पंगतीत हेच खा. त्याची याद आल्याबिगर घास नाही उतरला पायजे."

आणि तिने त्याच्या पानात आणखी एक पळी भाजी वाढली.