शांत झालेली पोरगी

कुर्डुवाडीच्या फलाटावर आईनं मला तीन गोष्टी सांगितल्या. शेंगाचटणीचा डबा उभाच ठेव, तेल सांडेल. वरच्या बर्थवर जाऊन बस आणि उगाच खाली उतरू नकोस. तिसरी सांगताना तिनं माझे हलणारे हात आपल्या हातात घट्ट धरले आणि आवाज खाली आणला. "तिथं कुणाला काही जाणवू देऊ नकोस, बाई." बाबा लांब उभे राहून आमचा डबा कुठं लागणार याची तिसऱ्यांदा चौकशी करत होते. गाडी आली, मी चढले आणि चेन्नई येईपर्यंत दोनदाच खाली उतरले. सांगितलेलं मी अगदी शब्दशः पाळते. त्याचं लहानपणी कौतुक व्हायचं.

त्याला आता सहा वर्षं झाली. सिरुसेरीतल्या एका कंपनीत मी सॉफ्टवेअर तपासते, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधते. त्यात माझा हात कुणी धरू शकत नाही. केळंबाक्कमला एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्यानं राहते. सकाळी इडली, दुपारी कॅन्टीनचा सांबारभात, आणि भाकरी फक्त बार्शीहून कुणी आलं तर. हे सगळं मी बार्शीच्या घरच्यांसाठी लिहितेय, आणि गाव सोडून आलेल्या, माझ्यासारख्या धास्तीवर गोळी घेणाऱ्यांसाठीही. फोनवर मला हे सगळं कधीच नीट सांगता आलेलं नाही.

इथं आल्यावर पाचव्या वर्षी मला ऑटिझम आहे असं कळलं. मला हायसं वाटलं. आई म्हणाली, "बार्शीत असताना नव्हतं असलं काही. तिथल्या हवेनं झालं असंल." बार्शीत मी पंगतीतून उठून पळायचे, मिक्सर लागला की किंचाळायचे, ते सगळं बहुधा बार्शीच्या हवेत बसत होतं. पण ऑटिझमवर गोळी नसते. गोळी असते ती त्याच्या जोडीनं आलेल्या धास्तीवर, आणि माझी धास्ती तेव्हा फार वाढली होती. रोज जेवणानंतर ऑफिसच्या बाथरूममध्ये वीस मिनिटं कान दाबून बसायचे. झोप नव्हती. अड्यारच्या एका डॉक्टरीणबाईंनी गोळी सुरू केली, आणि खोटं कशाला बोलू, पहिले दोन महिने सुखाचे गेले. एसीची घरघर ऐकू यायची पण टोचायची नाही. मग थोडी धास्ती उरली होती म्हणून त्यांनी गोळी वाढवली, आणि माझ्या पायांत काहीतरी शिरलं.

आता इथं एक जुनी गोष्ट सांगायला हवी. मी आठ वर्षांची असताना काकूची आई आमच्याकडे आली होती. तिनं विचारलं, "कशी आहेस गं?" मला दोन दिवस जुलाब होत होते, ते मी किती वेळा, कोणत्या रंगाचे, सगळं सांगितलं. ती पोहे खात होती. पाहुणे गेल्यावर आईनं मला समोर बसवून घोकून घेतलं: "कुणी विचारलं कशी आहेस, तर बरी आहे म्हणायचं. पुढचं पुराण नको." तेव्हापासून मी कधीच चुकले नाही.

डॉक्टरीणबाई दर महिन्याला विचारायच्या, कशी आहेस? मी म्हणायचे, बरी आहे. झोप लागते? लागते. लागायचीच, तीन तास. किती वेळ, असं त्यांनी विचारलं नव्हतं. काही त्रास? त्रास म्हणजे नेमकं काय धरायचं ते मला कळायचं नाही. गोळीच्या कागदावर बेचैनी असं लिहिलं होतं. मला बेचैन वाटत नव्हतं, मला फक्त बसवत नव्हतं. मी उभी राहून जेवायचे, मीटिंगमध्ये भिंतीला टेकून उभी राहायचे, घरी आले की खोलीत येरझाऱ्या घालायचे. हा माझाच नवा चाळा आहे, का आजार आहे, का गोळी आहे, हे मला आतून ओळखता येत नव्हतं. पोटात दुखतंय की भूक लागलीय यातही माझा गोंधळ होतो, तिथं हे कुठलं कळायला.

आणि गंमत अशी की सगळे खूश होते. गोळीनं माझे हात हलायचे थांबले होते, मधेच बोलणं थांबलं होतं. आमचा टीम लीड म्हणाला, किती छान बदललीस. व्हिडिओ कॉलवर आई बाबांना हाक मारायची, "अहो, या, बघा तरी. पोरगी कशी शांत झालीय!" बाबा यायचे, बघायचे, मान हलवायचे. मी खुर्चीच्या पायाला पाय अडकवून, दात आवळून कॉलची ती सात मिनिटं काढायचे. आईला इतकं खूश मी माझ्या दहावीच्या निकालालाही पाहिलं नव्हतं. त्या आनंदात मिठाचा खडा कोण टाकणार?

असे पाच महिने गेले. शेवटी ओळखलं ते माझ्या घरमालकीणबाईंनी. सरोजाबाई तंजावरकडच्या, पिढ्यान्‌पिढ्या तिकडं राहिलेल्या मराठी घरातल्या. त्यांची मराठी जुनी, बोलण्याची चाल मात्र तमिळ. रविवारी चारच्या सुमारास त्या ओसरीवर मोगऱ्याच्या कळ्या ओवतात आणि मी शेजारी बसून त्यांना दोन-दोन कळ्या जोडून देते. मला ते काम फार आवडतं, कुणाशी बोलावं लागत नाही. इथं गजरा मुळमावर मोजतात, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक मुळम. त्या दिवशी त्यांनी दोरा खाली ठेवला. "मागं चार मुळम होईतो बसायचीस. आता अर्धा मुळम होत नाही तो उठतीस. वर पण अखंड चालतीस. पायाला काय जालं, मा?"

कशी आहेस, असं त्यांनी विचारलंच नाही. पायाला काय झालं, याचं उत्तर माझ्याकडे होतं. मी सांगायला लागले आणि मला रडू फुटलं, आणि रडतानाही मी ओसरीवर चालतच होते. त्यांनी कळ्यांची परडी बाजूला सरकवून मला चालायला जागा करून दिली. त्यांना तरी दुसरं काय करता येणार होतं.

पुढच्या वेळी मी डॉक्टरीणबाईंना, त्यांनी काही विचारायच्या आधीच, म्हटलं, "अर्धा मुळम ओवून होईपर्यंतही मला बसवत नाही." त्या चेन्नईच्याच, अर्धा मुळम म्हणजे किती थोडा वेळ ते त्यांना लगेच कळलं. हातातलं पेन थांबलं. त्यांनी मला उभं केलं, बसवलं, पाय पाहिले आणि म्हणाल्या की हे गोळीमुळे होतंय, पाच महिने सांगितलं का नाहीस? मी म्हटलं, तुम्ही विचारलं नाहीत. त्यांना ते उद्धट वाटलं असावं. पण त्यांनी गोळी अर्ध्यावर आणली, आणि आपल्या मनानं कमीजास्त करायची नाही असं दोनदा बजावलं.

तीन आठवड्यांत पाय थांबले. मी बसून जेवले, आणि गोळीनं पाय थांबत नव्हते म्हणून ती कमी केली एवढं घरी कळवलं. पण एसी परत टोचायला लागला, हात परत हलायला लागले, बाथरूममधली वीस मिनिटं परत आली. टीम लीड विचारतो, काय झालं, मधे तर छान होतीस. दुसरी एक गोळी आहे, पण ती लागू पडेल की नाही हे आधी कुणालाच सांगता येत नाही, घेऊन बघायचं. घेऊन बघायचं म्हणजे पुन्हा दोन-तीन महिने माझ्या अंगात काय चाललंय ते मला कळणार नाही. मला भीती वाटते. मी अजून हो म्हटलेलं नाही.

गेल्या आठवड्यात आईचा फोन आला. चुलतबहिणीचं लग्न आहे, मला आठ दिवस घरी जायचंय. कॅमेऱ्यात माझे हात दिसले आणि ती बोलता बोलता थांबली. मग म्हणाली, "परत सुरू झालं का गं? सगळे पाहुणे येणारेत. तेवढे आठ दिवस आधीसारखी अख्खी गोळी घे की. नंतर कर काय करायचं ते."

"अगं आई, पण माझे पाय..."

"लग्नघरात सगळी चालतच असतात. कुणाला कळतंय?"

ती दुष्ट नाही. तिनं माझ्यासाठी किती जणांची बोलणी खाल्लीत ते मी पाहिलंय. चार लोकांत मला पुढं करून "ही आमची थोरली" म्हणावं, आणि म्हणताना माझ्या हातांकडे बघू नये, एवढंच तिला हवंय. खरं सांगायचं तर मलाही तेच हवंय. म्हणून मी रागावले नाही, नुसतं "बघते" म्हटलं.

गाडी शुक्रवारची आहे. जुन्या, अख्ख्या ताकदीच्या गोळ्यांची पट्टी पर्समध्ये ठेवलीय, काढावी की राहू द्यावी ते ठरत नाही. चेन्नईत राहायला मला अर्धी गोळी पुरते. घरी जायला अख्खी लागते.