ढाब्यावरचा आग्रह

आम्ही चौघं मित्र ढाब्यावर जेवायला बसलो की शेजारच्या बाजेवरचे लोक ताट उचलून लांब जाऊन बसत. इतके वाईट जेवायचो आम्ही. ऐंशीचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. जळगावहून धुळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर हा ढाबा होता. दोन बाजा, मध्ये आडवी फळी, फळीवर तर्रीदार शेवभाजीचं पातेलं आणि रोट्यांची चळत. महिन्यातला एक रविवार ठरलेला. एक जण शाळेत मास्तर होता. दुसऱ्याचं कापडाचं दुकान, त्याला आम्ही शेठ म्हणायचो. त्याचे आजोबा मारवाडातून आलेले, पण हा अहिराणी आमच्यापेक्षा फर्डी बोलायचा आणि शिव्या तर विचारूच नका. तिसरा दीपनगरच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत राहायचा, बसचे धक्के खात यायचा. चौथा मी, सरकारी कचेरीतला कारकून.

आपापल्या घरी आम्ही फार गुणाचे होतो. पाहुण्याआधी घास उचलायचा नाही, शेवटचा जेवणारा उठेपर्यंत हात धुवायचे नाहीत, सगळं पाळायचो. ढाब्यावर मात्र आमचे कायदे उलटे. आग्रह करायला सक्त मनाई. कुणी चुकून 'घे ना' म्हणालाच, तर भाजीत माशी पडली असणार असं धरून चालायचं. 'पुरे' म्हणणाऱ्याच्या ताटात पळीभर रस्सा जास्त ओतायचा. आपला पापड आपण सांभाळायचा, गेला तर रडायचं नाही. भाजलेल्या मिरचीवरून एकदा मास्तर आणि शेठ असे भांडले, की ढाबेवाल्यानं त्यांना वेगवेगळ्या बाजांवर बसवलं. तिथूनही ते एकमेकांच्या सात पिढ्या काढतच होते.

त्या उन्हाळ्यात माझी बायको गेली. कावीळ झाली. आधी कुणी कुणी सांगितलेला झाडपाला झाला, मग दवाखाना झाला, आणि दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. तिनं अजून तिशीही गाठली नव्हती.

घरात नातेवाईक भरले. सगळे हळू आवाजात बोलायचे. मी आलो की बोलणं थांबायचं, मी ताटावर बसलो की बायका पदर डोळ्याला लावायच्या. आई ताट वाढून समोर बसायची आणि माझा प्रत्येक घास नजरेनं पोटात ढकलायची. रडायलाही येईना आणि जेवण तर घशाखाली उतरेना. मी वाट बघत होतो ती आमच्या रविवारची. तिथे कुणी तरी माझा पापड पळवेल, मी त्याला सणसणीत शिवी हासडेन, आणि तेवढा तासभर मी उन्हाळ्याआधीचाच माणूस असेन. एवढंच मला हवं होतं. देवाकडे काही मागायचं मी सोडून दिलं होतं, पण हे मित्रांकडून न मागता मिळेल याची मला खात्री होती.

दुपारी ढाब्यावर पोचलो तर तिघंही माझ्याआधी हजर. दीपनगरवालासुद्धा, जो जन्मात कधी वेळेवर आला नव्हता. इस्त्रीचे शर्ट घातलेले. मला बघून तिघं उभे राहिले.

शेठनं पिशवीतून पांढरी टोपी आणि नवा टॉवेल काढला. आमच्याकडे घरात कुणी गेलं की सोयरे दुखवटा काढायला येतात, टोपी-टॉवेल देतात, गोड घास भरवतात. हे काम सोयऱ्यांचं. मित्रांनी ते करावं, तेही ढाब्यावर, असं कुठेच नाही. पण या तिघांनी आपसात ठरवलं होतं की आपणच सोयरे व्हायचं, नाहीतर आपण याचे कोण लागतो मग? शेठनं माझ्या डोक्यावर टोपी ठेवली, टॉवेल खांद्यावर टाकला. मास्तरनं कागदातली जिलेबी मोडून माझ्या तोंडात घातली. त्यांचं प्रेम मला कळत होतं. मी जिलेबी गिळली आणि मनात म्हटलं, झालं एकदाचं, आता तरी जेवू.

ताटं आली. मास्तरनं सगळ्यात आधी माझ्या ताटात वाढलं. दीपनगरवाल्यानं मला विचारलं, लिंबू पिळू का? विचारलं! शेठ म्हणाला, "ले ना भो, आखो एक रोटी ले." मधल्या ताटलीत भाजलेल्या मिरच्या होत्या, त्यांना कुणी हात लावेना. माझ्यासाठी ठेवल्या होत्या.

"मी काय पाव्हना शे का रे?" मी म्हटलं.

तिघं हसले. मयताच्या घरी एखादी जुनी आठवण निघाल्यावर हसतात, तेवढंच.

असे हे लोक याआधी एकदाच जेवले होते. लग्नानंतर बायकोनं हट्ट धरला होता की मला पण न्या तुमच्या ढाब्यावर, आणि मी नेलं होतं. त्या दिवशी या तिघांनी मांडी घालून, खाली मान घालून, 'वहिनी, घ्या ना', 'वहिनी, तिखट नाही ना झालं' करत असं काही जेवण केलं की मला माझेच मित्र ओळखू येईनात. परत येताना ती स्कूटरवर मागे बसून म्हणाली, "कितला गुनी शेतस तुमना दोस्त! तुम्ही उगीच नावं ठेवतस." हे सगळं सोंग आहे असं मी परोपरीनं सांगितलं. तिला ते पटलं नाही.

आज ते अगदी तसेच बसले होते. तशीच मांडी, तशीच खाली मान. माझी नजर आपोआप बाजेवर माझ्या शेजारी, ती त्या दिवशी बसली होती तिथे गेली. तिथे मास्तरची छत्री ठेवलेली होती. आतून मला इतकं तुटलं की हातातला घास मी ताटात परत ठेवला.

मग मी शेवटचा प्रयत्न केला. वाकलो आणि मास्तरच्या ताटातला पापड उचलून कडाकड मोडला. एरवी त्यानं माझ्या हातावर चापट मारून माझ्या खानदानाचा उद्धार केला असता. तो थांबला. पापडाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आणि आपलं सगळं ताटच त्यानं दोन्ही हातांनी माझ्यापुढे सरकवलं.

"ले भो," तो म्हणाला. "बठ्ठं तुनंच शे."

"मास्तर, शिवी दे," मी म्हटलं. माझा आवाज फाटला. "एक शिवी दे ना रे."

त्यानं प्रयत्न केला. त्याचे ओठ हलताना मी पाहिले. शेठनं तोंड फिरवून रस्त्यावरच्या ट्रककडे बघायला सुरुवात केली. दीपनगरवाला पाण्याचा तांब्या हातात धरून तसाच बसला. कुणाच्याच तोंडून शिवी बाहेर येईना.

तिला माझ्याच हातानं अग्नी दिला होता. पण ती मेली, हे मला त्या बाजेवर, मित्राचं भरलं ताट पुढ्यात घेऊन बसलो तेव्हा कळलं.